इरोकेचा आवाज

“बाबा म्हणाले, हे तुम्हीच दुरुस्त कराल,” असं म्हणून फुन्मीनं पांढऱ्या कापडात गुंडाळलेली एक लांबट वस्तू आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली, तीही नेमकी माझ्या आमटीच्या वाटीला खेटून.

मी घास हातात धरून तिच्याकडे बघतच राहिलो. त्या आठवड्यातलं हे पाचवं गिऱ्हाईक. आधी शाळेचा प्रोजेक्टर, मग मुख्याध्यापकांचा रेडिओ, मग कुणाच्या तरी मावशीचं शिवणयंत्र आणि कहर म्हणजे चर्चचा लाउडस्पीकर. मी नायजेरियात आलो होतो भौतिकशास्त्र शिकवायला. करारात तसं स्वच्छ छापलेलं होतं. पण भौतिकशास्त्राचा मास्तर म्हणजे मोडलेलं सगळं जोडून देणारा माणूस, असा त्या गावाचा ठाम समज होता. मी भिडेपोटी एकदा एक पंखा चालू करून दिला, तिथंच माझं चुकलं.

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. पश्चिम नायजेरियातलं योरुबा लोकांचं ते लहानसं गाव. मी आणि इंदू, माझी बायको, बाबा अवोयेमींच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. फुन्मी त्यांची मुलगी, माझ्याच शाळेत इंग्रजी शिकवायची. बाबा स्वतः बाबालावो होते, म्हणजे लोकांचे प्रश्न इफा नावाच्या देवतेपुढे मांडून त्यांची उत्तरं काढून देणारे. आमच्या भिंतीपलीकडेच त्यांची बसायची खोली होती. सकाळी मी दाढी करायला बसलो की पलीकडे एका लाकडी ताटावर ठकठक सुरू व्हायची, मग मंत्रासारखं लांबलचक म्हणणं, मग पुन्हा ठकठक. दोन वर्षांत मी किती वेळा गाल कापून घेतला असेल याची गणती नाही.

फुन्मीनं कापड सोडलं. आत हस्तिदंताचा दांडा होता, हातभर लांबीचा, एका टोकाला निमुळता होत गेलेला. मधोमध गुडघे टेकून बसलेली एक बाई कोरली होती, दोन्ही हातांनी आपली छाती धरलेली. पांढरा रंग फक्त तिच्या नाकाच्या आणि गुडघ्याच्या कडांवर शिल्लक होता. बाकी सगळा दांडा पिढ्यान्‌पिढ्या हातात धरून पिकल्या केळ्याच्या सालीसारखा झाला होता.

“हा इरोके. बाबांच्या आजोबांचा. विचारायला बसताना याच्या टोकानं ताटावर ठोकतात, म्हणजे देवतेचं लक्ष आपल्याकडे वळतं,” फुन्मी म्हणाली. “काल हातातून निसटला. खाली तडा गेलाय बघा. वहिनी आज-उद्या बाळंत होईल. बाळाच्या तिसऱ्या दिवशी हाच लागतो.” एवढं बोलून ती पळालीसुद्धा.

“बघतो,” मी रिकाम्या दाराला म्हणालो.

इंदू समोर बसली होती. तिच्या ताटाशेजारी मिरजेहून आलेलं माझ्या आईचं पत्र होतं. ते मी सकाळीच वाचलं होतं आणि तिनं माझ्यानंतर तीनदा वाचलं होतं. आमची निमा सहा वर्षांची. चार वर्षांची असताना तिला आम्ही मिरजेला आईपाशी ठेवून आलो होतो. खरं सांगायचं तर आम्ही नाही, मी ठेवलं होतं. मलेरिया, पाणी, शाळा, अशी कारणांची यादी मी तेव्हा लिहून काढली होती. आता करार संपत आला होता आणि आणखी दोन वर्षांचा फॉर्म माझ्या टेबलावर पडला होता. शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचा होता.

“निमा तिकडे तुमच्या मोठ्या वहिनींना आई म्हणायला लागलीय,” इंदू म्हणाली.

“वाचलं मी.”

“मग?”

“मग काय? एका घरात राहतात, म्हणतात मुलं. आपण गेलो की सुटेल सवय.”

“कधी गेलो की?”

“इंदू, यावर आपण शंभर वेळा बोललोय. दोन वर्षं, आणि मग कायमचं घरी. हा विषय बंद.”

तिनं पत्राची घडी घातली आणि ताटं उचलली. मला वाटलं, बरं झालं, सुटलो एकदाचा.

दुपारी मी व्हरांड्यात तो दांडा घेऊन बसलो. तडा फारसा नव्हता. पण दांड्याचा खालचा जाड भाग आतून पोकळ होता आणि हलवला की आत काहीतरी खडखडत होतं. टॉर्च मारून पाहिलं तर आत हस्तिदंताचाच बोटभर तुकडा, एका कुजक्या दोरीनं कसाबसा लटकलेला. मी हसलो. तड्याचं कारण हेच! आतला तुकडा सुटलाय, तो इकडेतिकडे आदळतोय आणि हे लोक दोरीनं बांधून वेळ मारून नेताहेत. मी शाळेतून दोन नळ्यांचा तो जालीम गोंद आणला, त्यात खडूची पूड कालवली आणि आतला तुकडा भिंतीला पक्का चिकटवून सगळी पोकळी गच्च भरून टाकली. तडासुद्धा बुजला. दांडा हलवून पाहिला तर चकार शब्द नाही. इतकं नेटकं काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

फुन्मीला एकदा विचारायला काय झालं होतं मला? दहा पावलांवर तर होती. पण मी विचारणाऱ्यांतला नव्हतो.

मंगळवारी पहाटे पलीकडे बाळ रडलं. मुलगा झाला होता, बाबांचा पहिला नातू. पेढे नाहीत तर निदान बिस्किटं तरी, म्हणून इंदूनं एक पुडा घेतला, मी तो इरोके घेतला आणि आम्ही दोघं गेलो. बाबा खुशीत होते. सत्तरीचे, काटक, डोक्यावर निळी टोपी. त्यांनी दोन्ही हातांनी इरोके घेतला, कपाळाला लावला आणि हलवला.

मग पुन्हा हलवला. कानाशी नेला. माझ्याकडे पाहिलं, मग फुन्मीकडे पाहिलं आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाले.

“बाबा विचारताहेत, याची जीभ कुठं आहे?” फुन्मी म्हणाली.

“कसली जीभ?”

“आतली. ठोकताना आतून वाजते ती. त्या आवाजानंच तर देवता ऐकते.”

आपली चूक कळली की मी आधी चिडतो. “हे आधी सांगायला नको? नुसता दांडा आणून आदळलात! मला काय स्वप्न पडणार आहे, की आत घंटा आहे म्हणून?”

फुन्मीनं भाषांतर केलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं.

“ते म्हणतात,” फुन्मी मान खाली घालून म्हणाली, “घंटेला जीभ असते, हे मोठ्या माणसाला कोण सांगत बसतं?”

“दुसरा नाही का एखादा?”

“लाकडाचा आहे. पण पहिल्या नातवासाठी बाबांना हाच हवा. गुरुवारी दुपारी.”

गोंद विरघळवायला प्रयोगशाळेत ॲसिटोन होतं, पण त्यानं जुनं हस्तिदंत फुटलं तर? तापवलं तर नक्कीच फुटणार. म्हणजे राहिलं काय, तर कोरून काढणं. जीवशास्त्राच्या मास्तरकडून बेडूक कापायच्या सुया आणल्या, करवतीच्या पात्याचा एक तुकडा घासून धार लावली आणि बुधवारी शाळेला दांडी मारून व्हरांड्यात बसलो. दांडा घट्ट धरायला कुणीतरी हवं होतं. इंदू न सांगता समोर येऊन बसली.

त्या गावात काम करणाऱ्या माणसाला येणारा-जाणारा प्रत्येकजण ‘ए कू इशे’ म्हणतो, म्हणजे ‘काम छान चाललंय’. त्यावर आपण उत्तर द्यायचं असतं, नाही दिलं तर उर्मट ठरतो. आमचा व्हरांडा नेमका बाजाराच्या वाटेवर. सुई खरवडतेय, घाम डोळ्यांत जातोय, राईएवढा कण कसाबसा सुटतोय आणि समोरून एक म्हातारी, ‘ए कू इशे!’ तिच्या मागून तिची सून, ‘ए कू इशे!’ मग शाळेचा शिपाई. मग तीच म्हातारी परत जाताना. दुपारपर्यंत माझं डोकं उठलं. बातमीही पसरली होती. काहीजण थांबून दांड्यात वाकून बघायचे, च्‌ च्‌ करायचे आणि मग ‘ए कू इशे’ म्हणायचे.

आणि या सगळ्यात इंदू गप्प. एरवी ती बोलकी. मी काही दुरुस्त करायला बसलो की शेजारी बसून कुणाकुणाच्या गोष्टी सांगायची आणि मी ‘हं, हं’ करायचो. आता तिचे हात दांड्यावर घट्ट आणि नजर रस्त्याकडे.

“बोल की काहीतरी,” अखेर मी वैतागून म्हणालो. “दोन तास झाले, तोंडाला कुलूप लावल्यासारखी बसलीयस.”

“काय बोलू? विषय बंद आहे ना.”

“तो विषय. बाकीचे आहेत की जगात!”

“माझ्याकडे नाहीत हो,” ती म्हणाली. रागावून नाही. भाजी संपली म्हणून सांगावं तसं म्हणाली, आणि मला त्या माणसांच्या वर्दळीत एकदम एकटं वाटलं. ते वाटलेलं मी तेव्हा कुणालाही सांगितलं नसतं. मी पुन्हा सुई उचलली.

गुरुवारी अकरा वाजता तो तुकडा सुटला. नवी मजबूत दोरी ओवून मी तो लटकवला आणि इरोके हलवला. खणखणीत आवाज आला. इंदूच्या चेहऱ्यावर मंगळवारपासून पहिल्यांदा हसू दिसलं. माझी बोटं सोलून निघाली होती.

बाबांनी इरोके हलवला, ऐकला आणि मान डोलावली. मला वाटलं, आता आपण मोकळे. पण नाही. बाबा पुन्हा फुन्मीशी बोलायला लागले आणि फुन्मीचा चेहरा अवघडला.

“बाबा म्हणतात, बाळासाठी बसण्याआधी इरोकेची परीक्षा घ्यायला हवी. पण हा उगीच वाजवून बघायचा नसतो. कुणाचा तरी खरा प्रश्न लागतो. ज्यानं आवाज घालवला आणि परत आणला, त्यानंच विचारावा.”

“माझा काही प्रश्न नाही,” मी म्हणालो. दोन दिवस माकडासारखा व्हरांड्यात बसलो होतो तेवढं पुरे होतं. वर आता या असल्या गोष्टींत भाग घ्यायचा? वर्गात मी काय तोंडानं शिकवणार होतो?

“माझा आहे,” इंदू म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती चप्पल काढून चटईवर बसलीसुद्धा होती.

फुन्मीनं तिच्या हातात एक कवडी दिली. “ही ओठांशी धरा आणि तुमचा प्रश्न हिला सांगा. तुमच्या भाषेत सांगा. आम्हाला कुणाला ऐकू जाता कामा नये.”

“बाबांनाही नाही?” मी विचारलं.

“त्यांना तर नाहीच. ते नुसतं म्हणत जातात. त्यातलं आपलं कुठलं, ते विचारणाऱ्यानं ओळखायचं.”

“वा!” मी म्हणालो. “म्हणजे डॉक्टरनं सगळी औषधं वाचून दाखवायची आणि पेशंटनं पसंत करायचं.”

माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. इंदू कवडीशी बोलत होती. बराच वेळ बोलत होती. एवढं लांबलचक मागच्या सहा महिन्यांत ती माझ्याशी बोलली नव्हती.

बाबांनी कवडी घेतली, ताटावर पिवळसर भुकटी पसरली आणि इरोकेच्या टोकानं ताटाच्या कडेवर ठोकलं. भिंतीआडून दोन वर्षं ऐकलेली ती ठकठक मी पहिल्यांदा समोर बसून ऐकली. लाकडाचा आवाज आणि त्याच्या पोटात तो बारीक खणखणाट. मग सोळा पामफळांच्या बिया एका हातातून दुसऱ्या हातात झपकन उचलायच्या, मागे एक उरली की भुकटीत दोन रेघा, दोन उरल्या तर एक. असं करत आठ खुणा झाल्या आणि बाबांनी डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली. फुन्मी हळू आवाजात सांगत होती.

पहिली गोष्ट एका शेतकऱ्याची. त्याचा भाऊ काही केल्या घरातून निघेना, म्हणून तो एकटाच नदी उतरून गेला. त्या रात्री पूर आला, आणि शेतकरी वाचला. बाबा थांबले. इंदूनं थोडा वेळ घेतला आणि मान हलवली. नाही.

दुसरी एका शिकाऱ्याची. त्याचा कुत्रा प्रत्येक झाडावर भुंकायचा आणि शिकार पळून जायची. शिकाऱ्यानं त्याला सोडून दिलं आणि त्याच दिवशी त्याला हरीण मिळालं. फुन्मी छान सांगत होती, मला ती गोष्ट आवडलीसुद्धा. इंदूनं ओठ चावला. बऱ्याच वेळानं म्हणाली, “नाही. हे माझं नाही.”

माझी चुळबुळ सुरू झाली. शाळेत शेवटचा तास माझा होता.

तिसरी एका बाईची. तिची घागर जुनी होती, जड होती, वरून चिरलेली, आणि वाटभर कुरकुरायची. ज्या दिवशी ती बाई लांबच्या गावाला निघाली, त्या दिवशी तिनं चालायला हलकं व्हावं म्हणून घागर नदीकाठी ठेवून दिली. ती सगळ्यांच्या आधी पोचली, लोकांनी तिचं कौतुक केलं. पण संध्याकाळी तहान लागली तेव्हा तिला दुसऱ्यांच्या दारात ओंजळ पसरावी लागली. इफानं तिला सांगितलं, मागे जा, घागर उचल, चीर बुजव आणि सावकाश चाल.

“हे माझं,” इंदू ताबडतोब म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाबा हसले. एक नवी घागर आणि एक पांढरी कोंबडी नैवेद्याला आणायला सांगितली. कोंबडी अर्थातच मलाच आणावी लागली, भर बाजारातून, पाय धरून, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या देखत.

पण कोंबडी फडफडत असतानाच माझ्या डोक्यात ती घागर फिरत होती. काठावर ठेवून आलेली. हलकं चालता यावं म्हणून. मी तर कारणांची यादीच करून ठेवली होती. माझा इफावर विश्वास नव्हता, आजही नाही. पण मिरजेच्या स्टेशनवर आईच्या कडेवरून गाडीकडे बघणारी निमा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. घरी आलो तेव्हा मला स्वतःची लाज वाटत होती.

“इंदू,” मी म्हणालो, “मी सही करणार नाही. परत जाऊ आपण.”

तिनं मागे वळून विचारलं, “दोघंही?”

“मग काय, मी एकटाच इथं राहून कोंबड्या वाहू?”

ती खळखळून हसली आणि मग रडली. जूनमध्ये आम्ही मिरजेला पोचलो. निमा वहिनींच्या पदराआड लपली. आमच्याशी बोलायला तिला पाच दिवस लागले.

पुढची पंचवीस वर्षं ही गोष्ट मी ज्याला-त्याला ऐकवली. इरोके, गोंद, कोंबडी, सगळं रंगवून. आणि शेवटी सांगायचो, घागर म्हणजे निमा हे मी बरोबर ओळखलं आणि तिथल्या तिथं निर्णय घेतला. निमाच्या लग्नाची बोलणी झाली, तेव्हा व्याह्यांनाही ऐकवली. निमाच्या सासूबाईंनी कौतुकानं मान डोलावली. इंदू सरबताचे पेले आणत होती.

“अहो, पुरे आता,” ती म्हणाली. “तो माझा प्रश्नच नव्हता.”

“म्हणजे?”

“जायचं की नाही, हे विचारायला मी कशाला बसू? वर्षातून एकदा घरी जायचं माझं विमानाचं तिकीट करारातच होतं. मुख्याध्यापकांची सही घेऊन ठेवली होती मी, फुन्मीनं आणून दिली होती. शनिवारी निघणार होते.”

मी हातातला पेला खाली ठेवला. “मग विचारलंस काय?”

“तुम्हाला सांगून बरोबर न्यायचं, की तिथंच ठेवून यायचं, एवढंच.”

“म्हणजे ती घागर…”

“निमा कधी कुरकुरायची हो?”

व्याही खो-खो हसले, निमाही हसली. मीही हसलो, काय करणार. एवढी वर्षं छाती फुगवून सांगितलेली गोष्ट चार माणसांत अशी उताणी पडली होती. पेले उचलायला ती माझ्याजवळ वाकली तेव्हा मी हळूच, जरा घुश्शातच म्हणालो, “म्हणजे त्या म्हाताऱ्यानं उचल म्हणून सांगितलं, म्हणून उचललंस मला.”

“त्यांनी दोनदा सोडून जा म्हणून सांगितलं,” इंदू म्हणाली. “नाही मी म्हटलं.”